डंपिंग ट्रॉली घेताय? आधी माल तोला, मग माप ठरवा

ट्रॅक्टर घरी आला की डंपिंग ट्रॉलीचा विषय निघतोच, आणि विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती बाय किती घ्यायची?" कोणी म्हणतं दहा बाय सहा बास झाली, कोणी म्हणतं एकदाच घ्यायची तर बारा बाय साडेसहाच घे, परत परत कोण घेतंय. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. माल कुठला, त्याचं वजन किती, आणि तेवढं वजन मागे असताना आपला ट्रॅक्टर उतारावर थांबतो का, हे तीन आधी कळलं पाहिजे, मग माप आपोआप निघतं. ओढायचं काय, 40 एचपीचा ट्रॅक्टर सपाट डांबरी रस्त्यावर त्याच्या ऐपतीबाहेरचं वजन पण ओढून नेतो, खरी अडचण थांबताना येते.

पहिलीच ट्रॉली घेणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी हौदा उचलणाऱ्या जॅकचा आणि ब्रेकचा भाग तरी वाचा.

पायरी 1: काय वाहायचंय ते कागदावर लिहा, ब्रासमध्ये नाही, टनात

आपल्याकडे सगळा हिशोब ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे हौदा आतून 10 फूट लांब, 5 फूट रुंद, 2 फूट उंच असेल तर काठोकाठ बरोबर एक ब्रास. पण ब्रास हे जागेचं माप आहे, वजनाचं नाही, आणि टायर, एक्सल, जॅक, ब्रेक या सगळ्यांना जागेशी काही देणंघेणं नसतं, त्यांना वजन कळतं.

मोकळा मुरूम एक ब्रास घेतला तर साधारण साडेचार टन धरा. कोरडी वाळू पण तेवढीच, ओली वाळू मात्र पाच टनाच्या पुढे जाते. खडी चार-सव्वाचार टन. तेच शेणखत घेतलं तर चांगलं कुजलेलं आणि ओलं असलं तरी दोन टनाच्या आसपास, कोरडं असेल तर दीड टन पण भरत नाही. गहू, सोयाबीन साधारण दोन-सव्वादोन टन. विटांचं वेगळं, वीट साधारण तीन किलोची धरली तर हजार विटा म्हणजे तीन टन. सिमेंट सोपं, पोतं 50 किलोचं, शंभर पोती म्हणजे पाच टन.

आता हे दोन टोकं बघा. त्याच हौद्यात शेणखत भरलं तर दोन टन आणि मुरूम भरला तर साडेचार टन. म्हणजे ज्याला फक्त खत आणि धान्य वाहायचंय त्याने हौदा मोठा आणि बांधणी मध्यम घेतली तरी चालतं, आणि ज्याला मुरूम, वाळू, तळ्यातला गाळ वाहायचाय त्याने हौदा लहान आणि बांधणी भक्कम घ्यायची. दोन्ही करायचं असेल तर जड मालाच्या हिशोबाने चासी, एक्सल, टायर घ्या आणि हौद्याला काढता-घालता येणाऱ्या वरच्या फळ्या करून घ्या. खत असलं की फळ्या लावायच्या, मुरूम असला की काढून ठेवायच्या. फळ्या तशाच ठेवल्या की जेसीबीवाला काठोकाठ भरतो, त्याला तुमच्या एक्सलची काळजी नसते, आणि आपल्यालाही एवढी भरलेली दिसली की बरं वाटतं.

गाळाचं मुद्दाम लिहितो कारण 2017 पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही सरकारी योजना सुरू झाल्यावर उन्हाळ्यात खूप लोकांनी फक्त गाळासाठी ट्रॉल्या घेतल्या. गाळ ओला असतो, चिकट असतो, मुरमापेक्षा जड भरतो, आणि डंप करताना हौद्याला धरून बसतो. कोरड्या मुरमासाठी चांगली चालणारी ट्रॉली गाळाला जमेलच असं नाही. का ते जॅकच्या भागात सांगतो.

पायरी 2: ट्रॅक्टर काय झेपवतो ते बघा

एक हिशोब करून बघू. दहा बाय सहाचा हौदा, उंची दोन फूट, म्हणजे 120 घनफूट, सव्वा ब्रासच्या जरा आत. मुरूम भरला की साडेपाच टनाच्या जवळ. रिकामी ट्रॉली दीड-पावणेदोन टनाची. एकूण सात टन. आणि पुढे ट्रॅक्टर? 45 एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनाचा असतो. म्हणजे दोन टनाच्या गाडीमागे सात टन लावलंय, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. उतारावर ब्रेक मारला की ट्रॅक्टर थांबायला बघतो पण मागचे सात टन ढकलत राहतात, ट्रॅक्टर जरा तिरका असला तर ट्रॉली त्याला आडवा करते. घाटात, पुलाच्या उतारावर, कॅनॉलच्या रस्त्यावर जे अपघात होतात त्यातले किती तरी असेच होतात.

माझा स्वतःचा अंदाज सांगतो, हा कायदा नाही. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरच्या वजनाच्या दुपटीच्या फार पुढे नेऊ नये, आणि उतार-घाट असेल तर त्याहून कमी. म्हणजे रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करून 35-40 एचपीवाल्याने माल दोन-सव्वादोन टनाचा धरावा, 45-50 वाल्याने अडीच-तीन. 55 च्या पुढचा जड ट्रॅक्टर असेल आणि ट्रॉलीला ब्रेक असेल तर मग मोठं वजन बोला. लोक यापेक्षा जास्त भरतात हे मला माहितेय, रोज रस्त्यावर दिसतं, पण नवीन माणसाने तिथून सुरुवात करू नये.

म्हणून पाच टनाच्या पुढची ट्रॉली घेताना ब्रेकसकट मागा. हायड्रोलिक ब्रेक असतो, एअर ब्रेक असतो, काही ठिकाणी दांड्यावर, म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतो त्या पुढच्या भागावर, दाब आला की आपोआप लागणारा ब्रेक पण बसवून देतात. पैसे जास्त जातात. द्या. हौद्याची लांबी फूटभर कमी करा आणि ते पैसे ब्रेकला घाला, यात मला तरी दुसरा विचार वाटत नाही.

आणि एक, रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडलं लॉक करून एक करा. शेतात वळण्यासाठी ती सुटी असतात, रस्त्यावर सुटी राहिली आणि गडबडीत एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो. नवीन ड्रायव्हर ठेवला तर हे त्याला पहिल्या दिवशी सांगायचं.

पायरी 3: दोन चाकी, चार चाकी की डबल एक्सल

दोन चाकी ट्रॉलीचं थोडं वजन दांड्यावरून ट्रॅक्टरच्या हूकवर येतं. हे चांगलं असतं, मागच्या टायरला पकड मिळते, चिखलात ट्रॅक्टर फिरत नाही. रिव्हर्स घ्यायला सोपी, शेताच्या कोपऱ्यात, वाड्याच्या दारात, बांधकामावर कुठेही घुसते. म्हणून घरच्या कामाला दोन चाकीच ठीक. फक्त हूकवर येणारं वजन प्रमाणात पाहिजे, एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ते त्याच्या जरा वर. जास्त आलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टेअरिंग हातात फुलासारखं फिरतं आणि गाडी मात्र सरळच जाते. अजिबात आलं नाही किंवा उलटं झालं तर दांडा वर उचलायला बघतो. एक्सल हौद्याच्या मध्यापासून जरा मागे असेल तर हे जमतं, वर्कशॉपमध्ये टेप लावून बघा, फार पुढे किंवा फार मागे असेल तर तिथेच विचारा का.

चार चाकीला पुढच्या चाकांचं टर्नटेबल, म्हणजे चाकांसकट फिरणारी तबकडी, असतं, ट्रॅक्टरवर वजन येत नाही, लांबच्या वाहतुकीला स्थिर चालते, ऊस वाहतुकीला म्हणून तीच दिसते. पण रिव्हर्स घेणं हे वेगळंच शिक्षण आहे, आणि डंपिंगच्या कामात दिवसभर रिव्हर्सच घ्यावा लागतो. डबल एक्सलची, म्हणजे मागे दोन एक्सल जवळजवळ असलेली, मोठ्या वजनाला चांगली, खड्ड्यात कमी आपटते, एका टायरवर भार कमी येतो, पण जागेवर वळवली की टायर घासतात आणि टायर चारच्या जागी दोनच लागले असते तर बरं झालं असतं असं दर टायर बदलताना वाटतं. 50 एचपीच्या आत असाल तर त्या वाटेला जाऊच नका.

पायरी 4: लोखंड बघा, रंग नाही

वर्कशॉपमध्ये गेलात की नवीन रंगवलेली ट्रॉली उभी असते, लाल-निळी, मागे नाव, फुलं, सगळं. रंगाखाली काय आहे ते विचारायचं.

चासीला सी चॅनेल वापरतात. बोलीत चार बाय दोन, पाच बाय अडीच, सहा बाय तीन. चार इंची चॅनेल मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतं, पाच इंची 13 किलो, सहा इंची पावणेसतरा किलो. जड मालाला चार इंचीवर जाऊ नका, पाच इंची तरी पाहिजे आणि मुरूम-गाळाचा धंदा असेल तर सहा इंची. डंपिंगमध्ये दोन चासी असतात हे लक्षात ठेवा, एक खालची जी एक्सलवर बसते आणि एक हौद्याखालची जी उचलली जाते. बरेच जण खालची भक्कम दाखवतात आणि वरची हलकी असते, आणि जॅक ढकलतो तो वरचीलाच. जॅक जिथे लागतो तिथे आडवे चॅनेल किती आहेत, जाड पट्टी मारून जागा मजबूत केलीय का, हे खाली वाकून, गरज पडली तर आडवं होऊन बघा.

पत्रा. तळाचा पत्रा जड मालाला 4 मिमी घ्या, दगडगोटे असतील तर 5. बाजूचा 3 चालतो. वर्कशॉपवाले गेजमध्ये बोलतात आणि तिथे नवीन माणूस फसतो, कारण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 10 गेज म्हणजे सव्वातीन मिमीच्या आसपास, 8 गेज म्हणजे 4, 14 गेज म्हणजे फक्त 2. "चौदा गेज मारतो साहेब" ऐकून खूश होऊ नका. आणि जाड पत्र्याला घाबरू पण नका, दहा बाय सहाच्या तळाला 3 ऐवजी 4 मिमी घेतला तर लोखंड फक्त 44 किलो वाढतं, त्या किलोचे पैसे मोजा, आयुष्य कितीतरी वाढतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. व्यवहार ठरवताना सांगा की रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर नेणार, आणि ठरलेलं वजन पावतीवर लिहून घ्या. चॅनेल, पत्रा, एक्सल सगळं कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक असं होत असतं, पण काटा कोणाच्या बाजूने बोलत नाही. एकाच मापाच्या दोन ट्रॉल्या दोन वर्कशॉपमध्ये बघितल्या आणि एक वीस हजाराने स्वस्त असेल तर दोन्हीची वजनं विचारा, बहुतेक वेळा फरक तिथेच सापडतो. जास्त वजन म्हणजे चांगलीच असं नाही, चुकीच्या जागी लोखंड घातलेली पण असते, पण हलकी असेल तर कुठून तरी कमी केलंय हे नक्की.

वेल्डिंग बघताना बिजागरीची जागा, दांडा जिथे चासीला जोडलाय ती जागा आणि पाट्यांचे (स्प्रिंगचे) हँगर, या तीन ठिकाणी बोट फिरवून बघा. सलग शिवण पाहिजे, ठिपके ठिपके नकोत.

पायरी 5: एक्सल, हब, टायर

एक्सल चौकोनी बार असतो किंवा जुन्या ट्रकचा काढून टाकलेला असतो. जुन्या ट्रकचा एक्सल वाईट नसतो, उलट भक्कम असतो, पण तो सरळ आहे का आणि बेअरिंग नवीन टाकलेत का हे बघावं लागतं. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, खरखर नको, मग वर-खाली हलवा, डुगडुग नको. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणी नाही म्हणत नाही.

टायर 9.00-16 हे दोन चाकी डंपिंगला जास्त चालतात, हलक्या ट्रॉलीला 7.50-16. टायरच्या बाजूला प्लाय रेटिंग आणि किती वजनाला किती हवा ते लिहिलेलं असतं, ते वाचा. दोन टायरचं मिळून जेवढं वजन होतं त्यापेक्षा मागची चाकं जास्त झेपवणार नाहीत, मग चासी कितीही भारी असो. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेले टायर लावून किंमत कमी दाखवतात, त्याबद्दल मी एकच सांगेन, शेतात ठीक, भरून डांबरी रस्त्यावर मे महिन्याच्या उन्हात नको.

पायरी 6: जॅक आणि ट्रॅक्टरचं हायड्रोलिक

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर.

पहिला गैरसमज, "माझ्या ट्रॅक्टरची लिफ्ट 1500 किलोची, मग पाच टन कसं उचलेल?" ती 1500 किलो म्हणजे मागच्या लिंकेजची क्षमता, नांगर-रोटाव्हेटर उचलायची. ट्रॉलीचा जॅक वेगळा आहे, त्याचं बळ तेलाच्या दाबावर आणि जॅकच्या व्यासावर ठरतं. पाच इंची व्यासाचा जॅक, तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला 150 किलो, तर जॅक 19 टनाच्या बळाने ढकलतो. एवढं लागतं पण, कारण जॅक हौद्याच्या खाली, बिजागरीच्या जवळ असेल तर त्याला वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. म्हणून नुसता व्यास विचारू नका, जॅक कुठे बसवलाय ते पण बघा. पुढच्या बाजूला असेल तर कमी जोरात उचलतो पण लांब जॅक लागतो, मध्ये असेल तर जोर जास्त आणि लांबी कमी.

दुसरं, तेल. त्याच पाच इंची जॅकची चाल एक मीटर असेल तर पूर्ण उचलायला साडेबारा लिटरच्या वर तेल जॅकमध्ये जातं. हे तेल येतं कुठून? बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं, म्हणजे तेवढं तेल ट्रॅक्टरच्या पोटातून जातं. लेव्हल आधीच कमी असेल तर पंप हवा ओढतो, आवाज करतो, ट्रॉली मध्येच थांबते, आणि असं चालू ठेवलं तर पंप जातो. ट्रॅक्टरच्या पुस्तकात बाहेर किती तेल नेता येतं ते दिलेलं असतं, ते वर्कशॉपवाल्याला दाखवा आणि जॅक त्या हिशोबाने ठरवा. वेळेचं म्हणाल तर पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर रेस दिल्यावर अर्धा-पाऊण मिनिटात हौदा वर जातो, यापेक्षा खूप वेळ लागत असेल तर कुठेतरी गळती किंवा पंप थकलाय.

ट्रॅक्टरला बाहेर तेल द्यायचा व्हॉल्व्ह आहे का ते आधी तपासा. काही जुन्या मॉडेलला नसतो, बसवून घ्यावा लागतो, आणि तो खर्च ट्रॉलीच्या किमतीत कोणी सांगत नाही.

तिसरं म्हणजे टेलिस्कोपिक जॅक, म्हणजे एकात एक नळ्या असलेला. आधी जाड नळी बाहेर येते, मग बारीक, मग आणखी बारीक. जसजशी बारीक नळी येते तसतसं बळ कमी होतं. कोरड्या मुरमात हे अडत नाही, कारण तोपर्यंत निम्मा माल घसरून गेलेला असतो. ओला गाळ आणि काळी माती घसरतच नाही, हौदा वर गेलाय, बारीक नळीवर आलाय आणि सगळा माल अजून आतच, तोही वरच्या टोकाला. आता जॅक वाकतो किंवा हौदा एका बाजूला कलंडतो. कोरडी वाळू 35 अंशाच्या आसपास घसरायला लागते, म्हणून 40-45 अंशांचा डंप तिला पुरतो, गाळाला 50 लागले तरी आश्चर्य नाही. गाळवाल्यांनी अंश विचारून घ्या, तळाच्या पत्र्यावर आडवी पट्टी किंवा नटबोल्ट वर आलेले नसावेत, कोपरे गोल करून घेतले तर आणखी चांगलं, आणि माल अडकला तर झटके देऊन पाडायचा नाही, हौदा खाली घ्यायचा आणि मागून खोऱ्याने मोकळा करायचा.

कपलरची टोपी, म्हणजे जॅकचा तेलाचा पाईप ट्रॅक्टरला जिथे जोडतो त्या तोंडावरची. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे पण ती नसली की धूळ थेट तेलात, आणि तेल परत ट्रॅक्टरमध्ये. एकच ट्रॉली चार जणांच्या ट्रॅक्टरला लागत असेल तर एकाच्या ट्रॅक्टरची घाण जॅकमधून दुसऱ्याच्या गिअरबॉक्सपर्यंत जाते. भावकीत ट्रॉली दिली-घेतली जातेच, नाही म्हणता येत नाही, पण निदान कपलर पुसून जोडा असं सांगा.

पायरी 7: मागचा फाळका आणि औजारं

फाळका वर बिजागरी असलेला असेल तर हौदा उचलला की खालून उघडतो, माती, मुरूम, खडीला हाच. खाली बिजागरी असेल तर फाळका खाली पडतो, त्यावरून पोती, औजारं चढवता येतात. दोन्ही बाजूंनी उघडणारा करून घेता येतो, थोडेच पैसे जास्त लागतात, आणि ज्याला शेताची सगळी कामं करायचीत त्याने तोच घ्यावा. कडी उघडायचा दांडा पुढे, ट्रॅक्टरच्या बाजूला असावा. मागे उभं राहून हाताने कडी काढायची वेळ येता कामा नये, कारण कडी सुटली की माल अंगावर येतो.

रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, इंजिन, पाण्याची मोटर असली औजारं न्यायची असतील तर हौद्याच्या आतल्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये जाड गजाचे कडे वेल्ड करून घ्या, साखळी बांधायला. साडेचारशे किलोचा रोटाव्हेटर नुसता ठेवला तर वळणावर सरकतो. जड वस्तू एक्सलच्या जरा पुढे ठेवायची, एकदम मागे नाही, नाहीतर वर सांगितलं तसं दांडा वर उचलतो. आणि हूकची पिन कायम क्लिपवाली, वर उचलली तरी निघणार नाही अशी. डंप करताना माल मागे सरकला की दांडा वर उसळी मारतो, साधी पिन तेव्हाच निघते. ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या पक्क्या हूकला जोडायची, लिंकेजच्या वर कुठे नाही, वर जोडली तर ट्रॅक्टर मागे उलटतो.

पायरी 8: कागदपत्रं

ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, ट्रॅक्टरचं झालं म्हणजे ट्रॉलीचं झालं असं नाही. मान्यता असलेल्या बनवणाऱ्याकडून घेतली तर विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म 21 आणि ट्रॉली रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला म्हणजे फॉर्म 22 मिळतो, चासी नंबर असतो, आरटीओत पासिंग होतं. गल्लीतल्या वर्कशॉपमधली स्वस्त पडते पण तिचं पासिंग होत नाही, आणि मग आयुष्यभर चौकात पोलीस दिसला की रस्ता बदला. तुमच्या भागात कोणाकोणाला मान्यता आहे ते आरटीओत किंवा एजंटकडे विचारा, मगच ॲडव्हान्स द्या.

इन्शुरन्सच्या पॉलिसीवर ट्रॉलीचा नंबर आलाय का ते डोळ्याने बघा. फक्त ट्रॅक्टरचा विमा असेल आणि अपघात ट्रॉलीने झाला तर कंपनी हात वर करू शकते. शेतीसाठी पासिंग झालेली ट्रॉली भाड्याने वाळू-विटा वाहायला लावली तरी तोच वाद येतो, म्हणून भाड्याचा धंदा करायचा असेल तर सुरुवातीलाच तसं पासिंग करा. ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत, लग्नाला नाही, जत्रेला पण नाही.

मुरूम, वाळू, माती हे गौण खनिज आहे. रॉयल्टी भरून वाहतूक पास असल्याशिवाय ट्रॉली बाहेर काढू नका. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 48 मध्ये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि वाहन जप्त होतं. "मालकाने सांगितलं, मी फक्त वाहतोय" हे तहसीलमध्ये चालत नाही, ट्रॉली तुमची जाते.

पायरी 9: ट्रायल घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका

स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन जा. ट्रॉली भरून बघा, रिकामी उचलून दाखवली तर ती ट्रायल नाही. अर्ध्यावर उचलून लिव्हर मध्यावर सोडा आणि पंधरा मिनिटं थांबा, हौदा जेवढा खाली आला तेवढी गळती. मागून बघा, हौदा सरळ वर जातो की एका अंगाला झुकतो. रस्त्यावर घेऊन जा आणि मागे दुसऱ्या गाडीवरून कोणाला तरी यायला सांगा, ट्रॉली सरळ मागे येते की तिरकी चालते ते त्याला कळतं.

जुनी घेत असाल तर हे सगळं करा आणि वर चासीला जोड मारलेत का, बिजागरीच्या पिना झिजून भोकं लांबट झालीत का ते बघा. पिना बदलता येतात, भोक लांबलं तर काम मोठं असतं. रंग नवीन आणि टायर जुने असतील तर आणखी बारकाईने बघा.

पायरी 10: घरी आल्यावर पहिले काही दिवस

हौदा वर असताना खाली जायचं नाही. ग्रीस मारायचं असेल, पाईप बघायचा असेल, काहीही असेल, आधी लोखंडी टेकू लावायचा. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, पाईप फुटला की हौदा डोळ्याची पापणी लवायच्या आत खाली येतो आणि अशी माणसं गेलीत. टेकू ट्रॉलीसोबतच बनवून मागा, चासीला बिजागरीने जोडलेला, म्हणजे तो घरी विसरत नाही.

डंप करायच्या आधी वर बघा. विजेच्या तारा शेतात खाली लोंबकळतात आणि उचललेला हौदा त्यांच्यापर्यंत सहज पोचतो. जागा सपाट पाहिजे, एक चाक खड्ड्यात आणि एक वर असेल तर भरलेला हौदा वर जाता जाता आडवा होतो. बांधावर, विहिरीच्या कडेला, ताज्या भरावावर डंप करू नका. उतारावर निघण्याआधीच खालचा गिअर टाका, मध्ये क्लच दाबू नका, डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही.

मागे लाल रिफ्लेक्टर, टेपच्या पट्ट्या आणि चालू लाइट. गाळप हंगामात रात्री रस्त्यावर उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल जाऊन आदळते ही दरवर्षीची बातमी आहे, आणि पन्नास रुपयांची टेप नव्हती म्हणून. पंक्चर झालं तर दगड लावून ट्रॉली रस्त्यात सोडून जाऊ नका, निघताना दगड पण रस्त्यातच ठेवून जाऊ नका.

चाकाचे नट नवीन ट्रॉलीत हमखास ढिले होतात. पहिली खेप टाकून आलात की लगेच आवळा, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. पाट्यांचे यू-बोल्ट पण तसेच, भरलेल्या ट्रॉलीवरच आवळायचे, रिकामीवर आवळलेले वजन आलं की परत ढिले पडतात. बिजागरीला आणि जॅकच्या दोन्ही टोकांना ग्रीस रोज, कामाचा दिवस असेल तेव्हा, सकाळी ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी.